माहलरची दुसरी सिंफनी : ध्वनिमुद्रणे कोणत्या जागी जोखावीत?

दूरनाद

ऑस्ट्रियन संगीतकार गुस्ताव माहलरच्या दुसऱ्या सिंफनीची, म्हणजे 'पुनरुत्थान' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेची, ध्वनिमुद्रणे गेल्या शंभर वर्षांत इतकी झाली आहेत की नव्याने ऐकू पाहणारा गोंधळून जातो, आणि मग कंडक्टरच्या, म्हणजे वाद्यवृंदाच्या संचालकाच्या, नावाकडे पाहून किंवा कुणीतरी केलेल्या 'सर्वोत्तम दहा' अशा यादीवरून निवड उरकली जाते. या धाग्यात मी एक वेगळी कसोटी मांडणार आहे. ही सिंफनी शेवटच्या पाच मिनिटांवरून जोखू नये. तिथे मोठा वाद्यवृंद, दहा हॉर्न, ऑर्गन, घंटा आणि भरगच्च गानवृंद एकदम उभे राहतात, आणि बरे वादक व बरा तंत्रज्ञ असेल तर ती जागा सहसा पडत नाही. खरी परीक्षा त्याच्या बरीच आधी होते, आणि ती मोठ्या आवाजाची नसून अंतराची आणि शांततेची असते.

रचना परिचित नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. पाच भाग आहेत. पहिला भाग १८८८ साली 'अंत्यविधी' या अर्थाच्या शीर्षकाने स्वतंत्रपणे लिहिला गेला आणि पुढची पाचसहा वर्षे त्याच्या पुढे काय यावे हे माहलरला सुचत नव्हते. दुसरा भाग लेंडलर या ऑस्ट्रियन लोकनृत्याच्या चालीचा, तिसरा माशांना प्रवचन देणाऱ्या संत अँटनीच्या गाण्यावर बेतलेला, चौथा ऑल्टो, म्हणजे खालच्या पट्टीच्या, गायिकेचे छोटे गीत आणि पाचवा भाग अर्ध्या तासाहून मोठा, ज्यात न्यायाच्या दिवसाचे सारे नाट्य आहे. संपूर्ण रचना प्रथम बर्लिनमध्ये १३ डिसेंबर १८९५ रोजी सादर झाली.

आता ती जागा. पाचव्या भागात मृतांची मिरवणूक, आक्रोश, कोसळणे हे सगळे होऊन गेल्यावर वाद्यवृंद जवळजवळ थांबतो. रंगमंचाबाहेरून, दुरून हॉर्न वाजतात. मग वेगवेगळ्या दिशांनी ट्रंपेट एकमेकांना हाका घालतात, मागे कुठेतरी टिंपनी या नगाऱ्यांचा घुमार असतो, आणि रंगमंचावर मात्र फक्त एक बासरी आणि एक पिकोलो, म्हणजे छोटी बासरी, पक्ष्यासारखी बोलत असतात. माहलरने या प्रसंगाला 'महान हाक' म्हटले आहे. ट्रंपेट परस्परविरुद्ध दिशांनी यावेत असे त्याने संहितेतच, म्हणजे रचनेच्या स्वरलेखनातच, लिहून ठेवले आहे. म्हणजे इथे स्वर आणि लय यांच्याइतकेच अंतरही रचनेचा भाग आहे. हाक विरून गेली की कोणत्याही वाद्याच्या आधाराविना, अतिमंद स्वरात, गानवृंद प्रथमच तोंड उघडतो. आणि त्या समूहातूनच एकटी सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, आपण वेगळी आहोत हे जाणवूही न देता, हळूच वर तरंगत निघते.

अंतराचा हा आग्रह माझा नाही, खुद्द माहलरचा आहे. १९०५ साली बर्लिनमध्ये ऑस्कर फ्रीडने ही सिंफनी सादर केली तेव्हा पडद्यामागच्या वादकांचे संचालन तरुण ऑटो क्लेम्परर करत होता. माहलर तालमीला हजर होता. कसे झाले, असे क्लेम्पररने विचारल्यावर त्याने ते फार मोठ्याने झाल्याचे सांगितले. संहितेत तर खणखणीत वाजवा असे लिहिले आहे, असे क्लेम्पररने म्हटल्यावर माहलरचे उत्तर होते की हो, पण अतिदूर अंतरावरून. खणखणीत, तरीही दूरचे. नुसते हळू वाजवून हा परिणाम साधत नाही, कारण हळू वाजवलेला ट्रंपेट जवळचाच वाटतो. दूरचा जोरदार ट्रंपेट ऐकू यायला मध्ये खरोखरची हवा लागते.

या कसोटीवर पाहिले की ध्वनिमुद्रणांचा क्रम बराच बदलतो. त्याच ऑस्कर फ्रीडने १९२४ मध्ये बर्लिनला या सिंफनीचे पहिले संपूर्ण ध्वनिमुद्रण केले, तेही मायक्रोफोनपूर्व काळात, कर्ण्यासमोर दाटीवाटीने वादक बसवून. त्यात अंतर कसे असणार? वादकांना त्या काळी कर्ण्याच्या जवळ तरी यावे लागे, नाहीतर ऐकूच येत नसत. ते ध्वनिमुद्रण मी दस्तऐवज म्हणून ऐकतो, कारण माहलरच्या समोर ही रचना वाजवलेल्या माणसाची लय त्यात सापडते. १९३५ चे कंडक्टर ऑर्मंडीचे मिनिॲपोलिसमधले विद्युत ध्वनिमुद्रण त्यापुढे अगदी आधुनिक वाटते, पण तेही एकाच वाहिनीचे.

क्लेम्पररचे १९६१-६२ चे लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदासोबतचे स्टीरिओ ध्वनिमुद्रण (गायिका श्वार्त्सकोप्फ आणि रोस्ल-मायदान) आजही पहिल्या रांगेत आहे. त्याची लय कोरडी, न रेंगाळणारी आहे, लाकडी वाद्ये स्वच्छ पुढे आहेत, आणि गानवृंदाचा प्रवेश भावनेचा लवलेशही न दाखवता होतो, म्हणूनच तो परिणाम करतो. ब्रूनो वॉल्टरचे न्यूयॉर्कचे ध्वनिमुद्रण १९५७ मध्ये सुरू झाले, मध्येच त्याला हृदयविकाराचा झटका आला, आणि काम १९५८ मध्ये पुरे झाले. त्यातली मॉरीन फॉरेस्टरची ऑल्टो माझ्या मते सर्वांत मायाळू आहे. पण 'महान हाके'त ट्रंपेट शेजारच्या खोलीत आहेत असे वाटते, क्षितिजावर नाहीत.

अंतराच्या बाबतीत मला सर्वांत समाधान देणारी दोन ध्वनिमुद्रणे म्हणजे झुबिन मेहता यांचे व्हिएन्ना फिलहार्मोनिकसोबतचे १९७५ चे आणि क्लाउदिओ अब्बादोचे स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नचे २००३ चे. मेहतांचे ध्वनिमुद्रण व्हिएन्नातल्या सोफियनझालमध्ये डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीने केले. या सभागृहाची डेक्काच्या तंत्रज्ञांना इतकी सवय झाली होती की कुठला वादक कुठे उभा राहिला म्हणजे किती दूरचा ऐकू येईल हे त्यांना नेमके ठाऊक होते. सुरुवातीलाच चेलो आणि डबल बास यांची ती झडप ऐका : तारेवर धनुकली घासल्याचा खरखरीतपणाही तिथे ऐकू येतो. लुसर्नच्या सभागृहात भिंतीमागे अनुनादाच्या मोकळ्या पोकळ्या आहेत आणि त्यांची दारे गरजेप्रमाणे उघडता येतात. अब्बादोने त्या हवेचा उपयोग जितका केला तितका क्वचितच कुणी केला असेल.

सदस्यांची मते वाचायला आवडतील. शक्यतो 'अमुक महान आहे' एवढ्यावर न थांबता कोणती जागा, आणि तिथे काय ऐकू आले, हे लिहावे अशी विनंती.

पाणिनी

लेख आवडला, पण एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. अंतर आणि हवा या गोष्टी तुम्ही इतक्या वर ठेवल्या आहेत की कंडक्टर जवळपास बाजूलाच पडतो. क्लेम्पररचेच उदाहरण घ्या. १९५१ साली ॲम्स्टरडॅमला ऑल्टो गायिका कॅथलीन फेरिअरसोबत त्याने ही सिंफनी सुमारे ७१ मिनिटांत संपवली. तुम्ही उल्लेखलेले स्टीरिओ ध्वनिमुद्रण सुमारे ७९ मिनिटांचे आहे. आणि १९७१ मध्ये, उतारवयात, न्यू फिलहार्मोनियासोबत त्यालाच सुमारे ९९ मिनिटे लागली. माणूस तोच, संहिता तीच, माहलरकडून प्रत्यक्ष मिळालेली समजही तीच, आणि फरक मात्र जवळजवळ अर्ध्या तासाचा. सभागृहाच्या हवेने हा फरक पडत नाही.

मी १९५१ चे पसंत करतो. ते एकाच वाहिनीचे आहे, त्यात खरखर आहे, दूरचे ट्रंपेट दूर आहेत की नाहीत हे कळत नाही. पण पहिल्या भागाच्या मध्यावर जिथे संगीत जवळजवळ कोसळून थांबते, तिथपर्यंतची चढण इतक्या तडफेने दुसऱ्या कुणी घेतलेली मला माहीत नाही. आणि 'उर्लिष्ट' या चौथ्या भागात फेरिअरचा आवाज ऐकल्यावर ध्वनिमुद्रणाच्या दर्जाचा विचार मनात येत नाही.

नवखा श्रोता

दोघांचेही लेखन वाचून एक साधा प्रश्न विचारतो. मी पुण्यात रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये राहतो. तुम्ही सांगितलेली ती गानवृंदाची जागा मोबाइलवर लावून पाहिली तर पंख्याच्या आवाजात काहीच ऐकू आले नाही. आवाज वाढवला आणि दहाबारा मिनिटांनी शेजाऱ्यांनी दार वाजवले. शिवाय चौथा भाग संपताच जाहिरात लागली. अशा परिस्थितीत कोणते ध्वनिमुद्रण घ्यावे, आणि कसे ऐकावे?

दूरनाद

नवखा श्रोता, तुमचा प्रश्न साधा मुळीच नाही. या रचनेतला सर्वांत मंद आणि सर्वांत मोठा आवाज यांतला फरक इतका आहे की तो घरच्या खोलीत मावत नाही. कानांना घट्ट बसणारे हेडफोन हा सरळ उपाय आहे. ॲपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज समान राखण्याची सोय असते, ती बंद ठेवा. नाहीतर काही ॲपमध्ये मंद आवाजातला चौथा भाग आपोआप फुगवला जातो. जाहिरातीचे दुखणे अधिक गंभीर आहे. माहलरने तिसरा, चौथा आणि पाचवा हे भाग सलग वाजवायला सांगितले आहेत. ऑल्टोचे शेवटचे शब्द विरतात न विरतात तोच पाचव्या भागाचा स्फोट अंगावर यायला हवा. त्या फटीत साबणाची जाहिरात आली तर सगळा आघातच वाया जातो. त्यामुळे सीडी किंवा विकत घेतलेली फाइलच बरी.

उलट, जिथे थांबायला हवे तिथे मात्र कुणी थांबत नाही. पहिल्या भागानंतर किमान पाच मिनिटांची विश्रांती घ्यावी, असे संहितेत लिहिले आहे. सभागृहात बहुतेक कंडक्टर ती टाळतात किंवा गायकांना आत आणण्यापुरती घेतात, आणि सीडीवर तर काही सेकंदांतच नाचाची चाल सुरू होते. एलपीच्या काळी पहिला भाग एका बाजूवर बसत असल्याने उठून तबकडी उलटावी लागे, आणि माहलरची इच्छा काही अंशी आपोआप पाळली जाई. तुम्ही तिथे ध्वनिमुद्रण थांबवून चहा करून घेतलात तर तो संगीताचा अपमान ठरणार नाही.

निवडीबद्दल : सुरुवातीला क्लेम्पररचे स्टीरिओ घ्या. त्यातली मंद जागा फार मंद नाही आणि मोठी जागा फार मोठी नाही, त्यामुळे रस्त्यालगतच्या घरात ते चालून जाते. अब्बादोचे लुसर्न रात्री उशिरासाठी राखून ठेवा.

पाणिनी, १९५१ च्या बाबतीत तुमच्या फेरिअरप्रेमाशी मी वाद घालणार नाही. पण अर्ध्या तासाच्या त्या फरकाने माझाच मुद्दा बळकट होतो असे मला वाटते. घड्याळ एवढे बदलूनही तिन्ही वेळा गानवृंदाचा प्रवेश निर्विकारच आहे. क्लेम्पररने लय बदलली, ती जागा बदलली नाही.

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत राहतो आणि इथल्या एका हौशी गानवृंदात बास आवाजात ही सिंफनी गायलो आहे, म्हणून गाणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहितो.

श्रोत्यांना तो पहिला प्रवेश ऐकू येतो. आम्हाला त्याआधीचा तास सव्वातास आठवतो. गानवृंद सुरुवातीपासून किंवा पहिल्या भागानंतर रंगमंचावर बसलेला असतो, घसा कोरडा पडलेला असतो, आणि मग काहीही न गुणगुणता, कोणत्याही वाद्याचा आधार न घेता, जवळजवळ न ऐकू येणाऱ्या आवाजात सुरात सुरुवात करायची असते. बऱ्याच ठिकाणी हा प्रवेश बसूनच गायला जातो आणि गायक पुढे बऱ्याच वेळाने उभे राहतात. उभे राहिले की छाती भरते आणि आवाज आपोआप मोठा होतो, हे त्यामागचे व्यावहारिक कारण.

बास गायकांसाठी तिथे एक विलक्षण सूचना आहे. दुसऱ्या बासला माहलरने पियानोच्या मधल्या 'सी'पासून दोन सप्तके खाली जाऊन त्याच्याही खालचा बी फ्लॅट दिला आहे. हा स्वर फार थोड्यांच्या गळ्यात असतो. तळटीपेत तो म्हणतो की हे खालचे स्वर ऐकू आले पाहिजेत असे मुळीच नाही. खालच्या बास गायकांनी वरच्या सप्तकातला बी फ्लॅट घेऊ नये एवढ्यासाठीच ते लिहिले आहेत. म्हणजे ज्याला जमत नाही त्याने जवळपास गप्प राहावे, पण वर जाऊन समूहाचा तळ उथळ करू नये. ध्वनिमुद्रणे ऐकताना मी हीच गोष्ट शोधतो. लुसर्नच्या ध्वनिमुद्रणात स्पेनच्या बास्क प्रांतातला ऑर्फेओन दोनोस्तियारा हा गानवृंद आहे, आणि त्यांचा तळ जमिनीसारखा लागतो. उलट, इतर काही नावाजलेल्या ध्वनिमुद्रणांत बास सुरेख गातात पण फार 'गातात'. प्रत्येकाला आपला आवाज ऐकवायचा असतो.

आणखी एक गोष्ट. माहलरला या शेवटाची कल्पना सुचली तीच मुळी गानवृंद ऐकून. कंडक्टर हान्स फॉन ब्यूलो १८९४ च्या फेब्रुवारीत कैरोला वारला, आणि मार्चमध्ये हँबर्गच्या सेंट मिखाएलिस चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीला जर्मन कवी क्लोपश्टोकचे पुनरुत्थानाचे स्तोत्र गायले गेले. वर्षानुवर्षे अडलेली रचना तिथे सुटली. तेव्हा त्याने ऐकला तो चर्चमधला साधा, दुरून येणारा समूहस्वर होता, ऑपेरातला कोरस नव्हे. ऑपेरागृहाचे व्यावसायिक गायक वापरलेल्या ध्वनिमुद्रणांत, आणि यात मेहतांचे व्हिएन्नाही आले, हा साधेपणा मला थोडा कमी वाटतो.

त्रिताल

इथपर्यंत चर्चेत लेनर्ड बर्नस्टाइन या कंडक्टरचे नाव एकदाही आले नाही, हे पाहून गंमत वाटली. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडींची हत्या झाली आणि दोनच दिवसांनी बर्नस्टाइनने न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह दूरचित्रवाणीवर श्रद्धांजली म्हणून हीच सिंफनी सादर केली. नेहमीच्या शोकगीताऐवजी माहलर का, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. आज अशा प्रसंगी ही रचना सर्रास निवडली जाते, आणि त्यात त्या दिवसाचा वाटा मोठा आहे. केवळ 'दूरचे ट्रंपेट किती दूर' या मापाने मोजणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की संगीत कुणासाठी तरी वाजवले जाते.

त्याचे १९८७ चे न्यूयॉर्कचे ध्वनिमुद्रण (गायिका हेंड्रिक्स आणि लुडविग) सुमारे ९३ मिनिटांचे आहे. पाचव्या भागात ढोलांचे दोन लांबलचक चढते घुमार आहेत, ज्यांतून थडगी फुटून मिरवणूक निघते. बर्नस्टाइन ते इतके ताणतो की आता तुटेल असे वाटते. संयमाचे पुरस्कर्ते याला अतिरेक म्हणतील. माझ्या मते रचनाच अतिरेकी आहे. न्यायाच्या दिवशी मेलेले सगळे उठून चालू लागतात, हे मोजूनमापून कसे सांगणार?

गिल्बर्ट कॅप्लनबद्दलही कुणीतरी लिहावे. अमेरिकेतल्या एका वित्तविषयक मासिकाचा हा प्रकाशक या एकाच सिंफनीच्या वेडाने कंडक्टर झाला, मूळ हस्तलिखित विकत घेतले, आणि लंडन सिंफनी या वाद्यवृंदासह तिचे ध्वनिमुद्रणही केले. संहितेचे शब्दशः पालन हाच निकष असेल तर त्याचा पहिला नंबर यायला हवा. तसा तो का येत नाही?

कोकणकन्या

मेहतांच्या ध्वनिमुद्रणाचे कौतुक इथे केवळ ते मुंबईचे म्हणून होत असेल अशी शंका घेऊन मी ते ऐकायला बसले, आणि ती शंका पहिल्या पानातच मावळली. ऱ्हाइनकाठ यांचा गानवृंदाबाबतचा आक्षेप मान्य केला तरी एक माहिती इथे द्यायला हवी. व्हिएन्नात शिकत असताना मेहता आणि अब्बादो हे दोघे वर्गमित्र तिथल्या झिंगफेराइन या गानवृंदात दाखल झाले होते, कारण मोठ्या कंडक्टरांच्या तालमी जवळून पाहण्याचा तो एकच मार्ग होता. म्हणजे तुम्ही निवडलेली दोन्ही ध्वनिमुद्रणे एकाच गानवृंदात उभे राहून शिकलेल्यांची आहेत.

दूरनाद

कोकणकन्या, ही माहिती इथे अगदी योग्य जागी आली. गानवृंदात उभे राहून समोरच्या कंडक्टरचा हात पाहिलेला माणूस गायकांना श्वासाला किती जागा द्यायची हे जाणतो, आणि दोघांच्याही बाबतीत त्या प्रवेशाआधीची शांतता नेमकी तेवढीच असते. ऱ्हाइनकाठ यांचा आक्षेप मी तरीही गंभीरपणे घेतो. त्यांनी इव्हान फिशरचे बुडापेस्ट फेस्टिव्हल ऑर्केस्ट्रासोबतचे ध्वनिमुद्रण ऐकावे. त्यातला गानवृंद ऑपेराच्या वळणाचा नाही, आणि पडद्यामागचे वादकही खऱ्या अर्थाने दूर आहेत. माझ्या यादीत ते तिसरे.

त्रिताल, कॅप्लनचे उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. त्याने संहितेतली प्रत्येक खूण पाळली, नव्या चिकित्सक आवृत्तीसाठी काम केले, व्हिएन्ना फिलहार्मोनिकसोबत ती ध्वनिमुद्रितही केली. तरीही डिसेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसमोर तो उभा राहिला तेव्हा काही वादकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. वादकांचा कडवटपणा बाजूला ठेवला तरी ध्वनिमुद्रणात एक गोष्ट ऐकू येते : खुणा एकामागून एक येतात, पण एका खुणेतून दुसरी उगवत नाही. 'महान हाके'त त्याचे अंतर मात्र अचूक आहे, आणि त्या चारपाच मिनिटांसाठी मी ते ध्वनिमुद्रण ठेवले आहे. २०१६ मध्ये त्याच्या निधनानंतर ते हस्तलिखित लंडनच्या लिलावात सुमारे ४५ लाख पौंडांना गेले.

बर्नस्टाइनच्या ढोलांविषयी माझी तक्रार नाही. त्या जागी तो बरोबरच आहे. तक्रार आहे ती गानवृंदाच्या प्रवेशाबाबत : १९८७ मध्ये तो इतका सावकाश आहे की शब्द सुटे पडतात आणि ओळ म्हणून काही उरत नाही. सोप्रानोला समूहातून उगवायचे असते, पण ओळच नसेल तर ती उगवणार कशातून?

त्रिताल

त्या जागी शब्द सुटे पडतात हे खरे आहे, आणि मला ते तसेच हवे आहेत. नुकताच जागा झालेला माणूस सलग बोलत नाही. याबाबत आपले एकमत होईल असे दिसत नाही. मात्र बर्नस्टाइनचा इली कॅथिड्रलमधला १९७३ चा चित्रपट (लंडन सिंफनी वाद्यवृंद, गायिका जॅनेट बेकर) तुमच्या कसोटीवर लावून पाहा. तिथे तर आख्खे कॅथिड्रल अंतरासाठी उपलब्ध होते. ट्रंपेट नेमके कुठून येतात हे मला स्पीकरवर ठरवता आलेले नाही, हेडफोनवर कुणी ऐकले असेल तर लिहावे.